निबंधात कर्ता कुठाय?

दहावीच्या सराव परीक्षेचे इंग्रजीचे पेपर तपासायला बसलं की मला दर वर्षी एकच देश भेटतो. त्या देशात सगळे सण 'विथ ग्रेट जॉय अँड एन्थुझियाझम' साजरे होतात, सगळे लोक नवे कपडे घालतात, सगळ्यांच्या घरी गोडधोड होतं आणि सगळे एकमेकांना भेटून शुभेच्छा देतात. मग दोन पानं उलटली की त्याच पोराच्या त्याच पेपरात दुसराच देश येतो, तिथे नद्या घाण झालेल्या असतात, बायकांवर अन्याय होत असतो, आवाजाने म्हातारी माणसं हैराण झालेली असतात आणि शेवटी 'वी शुड ऑल कम टुगेदर' म्हणून सगळं मिटवून टाकलेलं असतं. दोन्ही निबंध एकाच गाईडातले. पण पहिल्या निबंधातला गणपती दुसऱ्या निबंधातल्या नदीत कधी जातच नाही, आणि पहिल्या निबंधातल्या हळदीकुंकवाला दुसऱ्या निबंधातली विधवा कधी येत नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ-हातकणंगलेच्या उसाच्या पट्ट्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवते. पाचवी ते दहावी शाळा आहे, पोरं शेतकऱ्यांची, कारखान्यात कामाला असणाऱ्यांची, इचलकरंजीला लूमवर जाणाऱ्यांची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, म्हणजे आता माझ्या पाचवीच्या वर्गात काही पोरं अशी आहेत ज्यांची आईसुद्धा पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आहे. तरी पालक मीटिंगला येऊन तीच आई म्हणते, मॅडम तेवढं इंग्लिशचं बघा हं, आम्हाला काय येत नाही. दहा वर्षं शिकून आणि पास होऊन. मला यात त्या बाईचा दोष दिसत नाही, तिला दहा वर्षं जे इंग्रजी दिलं त्यात तिला स्वतःचं म्हणून बोलायला एक वाक्य मिळालं नाही, हे सगळे निबंध तिनेही पाठ केलेले होते.

आमच्याकडे 'सामाजिक' म्हणजे भाषण. जूनमध्ये शाळा सुरू होते न होते तोवर २६ जून येतो, शाहू महाराजांची जयंती, राज्यात हा सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात, आणि कोल्हापूर जिल्ह्यात तर तो घरचाच कार्यक्रम. मग इंग्रजीतून एक भाषण हवंच, पाहुण्यांना बरं वाटतं. 'ऑनरेबल डायस' पासून सुरुवात. व्यासपीठाला आदरणीय म्हणायची आपली जुनी सवय आहे ती पोरं इंग्रजीतही घेऊन येतात, मी ती काढत नाही, गोड वाटतं कानाला. पण मधला मजकूर ऐकवत नाही. १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणणाऱ्या माणसाबद्दल आठवीतली पोरगी जे बोलते त्यात 'ही वॉज अ ग्रेट सोशल रिफॉर्मर' च्या पुढे काही नसतं. कुणाविरुद्ध जाऊन केलं, कुणाला राग आला, पैसे कुठून आणले, काहीच नाही. टाळ्या होतात, नारळ फुटतो, आम्ही वर्गात जातो.

तर माझ्या डोक्यात जे काही बसलं ते व्याकरणाच्या तासाला बसलं. 'चेंज द व्हॉइस' चा धडा. आम्ही पोरांना शिकवतो की कर्तरी वाक्याचं कर्मणी करताना कर्ता शेवटी 'बाय' लावून टाकायचा, आणि कर्ता 'पीपल', 'समबडी', 'एव्हरीवन' असा काही असेल तर तो गाळला तरी चालतो. ही सवलत मीच फळ्यावर चौकट करून लिहून देत होते. आणि त्या दिवशी सरावाला म्हणून मी सामाजिक निबंधातलीच वाक्यं घेतली, द रिव्हर इज पोल्युटेड, ट्रीज आर कट, गर्ल्स आर नॉट सेंट टु स्कूल, तर फळ्यावर ओळीने सगळी वाक्यं अशी उभी राहिली की एकातही माणूस नाही. नदी आपोआप घाण झाली, झाडं आपोआप पडली, पोरी आपोआप घरी बसल्या. गाईडातले सामाजिक प्रश्नांवरचे यच्चयावत निबंध या एका सवलतीवर उभे आहेत हो. आणि सणांचे निबंध बघितले तर तिथे उलट, कर्ता आहे पण तो 'वी' आहे, म्हणजे आपण सगळे, म्हणजे कोणीच नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे, सणावर लिहिताना 'बाय' गाळायचा नाही. मोदक केले, कुणी केले. घर सारवलं, कुणी सारवलं. निर्माल्य उचललं, कुणी. पहिल्या दिवशी पोरांना गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की सगळ्या ओळींच्या शेवटी 'बाय माय मदर' येतंय, पूर्ण पानभर, आणि वडील फक्त एका ठिकाणी, 'क्रॅकर्स आर ब्रॉट बाय माय फादर'. यावर मी एक अक्षर बोलले नाही. पोरी हसायला लागल्या, पोरं एकमेकांकडे बघायला लागली, एकाने घाईघाईने आकाशकंदील वडिलांच्या नावावर टाकला. स्त्री-पुरुष समानतेवर मी तास घेतला असता तर सगळ्यांनी छान छान उत्तरं दिली असती, मला जी हवीत ती. पोरं फार हुशार असतात, शिक्षकाला काय ऐकायचंय हे त्यांना वास घेतल्यासारखं कळतं.

म्हणून मी सणांचे उपदेश बंद केले. पर्यावरणपूरक अमुक, प्लास्टिकमुक्त तमुक, प्रतिज्ञा, शपथ, रॅली, हे सगळं शाळेत होतंच आणि होऊ दे, माझ्या तासाला नको. सणाबद्दल शाळेत बोलायचं म्हणजे एकतर कौतुक नाहीतर दटावणी असंच आपलं झालंय. होळीला लाकडं जाळू नका, रंगपंचमीला पाणी वाया घालवू नका, दसऱ्याला आपट्याच्या फांद्या तोडू नका, संक्रांतीला नायलॉनचा मांजा घेऊ नका (तो २०१७ पासून देशभर बंदीच आहे, तरी पोरांना तो कुठल्या दुकानात मिळतो ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं). सगळं बरोबरच आहे की. पण वर्षभर पोराने ऐकायचं काय, तर तुझा आनंद चुकतोय. मग ते पोर इंग्रजीच्या पेपरात 'वी शुड' लिहून आपली सुटका करून घेतं. मी तरी तेच केलं असतं.

उपदेशाऐवजी प्रश्न. इंग्रजीत त्या सगळ्या डब्ल्यूएच क्वेश्चन्स शिकवायच्याच असतात, हू, हूज, हूम, व्हेअर, हाऊ मच. सण आला की प्रत्येकाने त्या सणाला विचारायचे असे पाच प्रश्न तयार करायचे, घरी जाऊन मराठीत विचारायचे आणि उत्तरं वर्गात इंग्रजीत सांगायची. बेंदराला मातीचे बैल कोण विकतं, कितीला, आणि ट्रॅक्टर आल्यापासून ज्यांच्याकडे बैल नाहीत ते पूजा कशाची करतात. वटपौर्णिमेला तोडून आणलेली वडाची फांदी बाजारात कुठून येते. दिवाळीत कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर पाळीवर कोण असतं. असले साधे. त्यात 'इश्यू' हा शब्दही यायची गरज नाही.

एक नियम मात्र पक्का, स्वतःच्या घरचं लिहायची सक्ती कुणावर नाही. 'अ हाऊस इन माय व्हिलेज' असं म्हणून लिहा. कोविडनंतर वर्गात वडील गेलेली पोरं आहेत, आणि संक्रांतीच्या धड्याला हे लक्षात न ठेवून चालणारच नाही.

संक्रांतीचंच सांगते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या भागात हळदीकुंकवाचा धडाका असतो, रोज संध्याकाळी कुणाकडे ना कुणाकडे. फळ्यावर वाक्यं येत होती, हळदीकुंकू इज अरेंज्ड बाय माय मदर, वाण इज गिव्हन टु द गेस्ट्स, आणि तिळगुळाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर थोडा दंगा, मी म्हटलं तिळगूळच म्हणा, इंग्रजीवाल्यांना हवं असेल तर ते शिकतील. तर आठवीतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, विडोज आर नॉट इन्व्हायटेड. वाक्य बरोबर. मी सवयीने विचारलं, बाय हूम? ती म्हणाली, बाय द सोसायटी. आता सोसायटी ही आमच्याकडे सोसायटीच असते, विकास सेवा सोसायटी, तिथे पीक कर्ज मिळतं, ती कशाला हळदीकुंकवाची यादी करील. मी म्हटलं, सोसायटी म्हणजे नेमकं कोण, बोलवायला कोण जातं घरोघर?

आमच्यात बोलावणं करायला पोरीच जातात. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि गल्लीत फिरायचं, 'काकू, आईनं हळदीकुंकवाला बोलवलंय', दारातूनच. आणि कुठल्या घरी जायचं आणि कुठलं दार ओलांडून पुढं जायचं हे आईने सांगितलेलं असतं, तेही एकदाच, पुढच्या वर्षी सांगावं लागत नाही.

ती पोरगी जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाय मी, मॅडम."

वर्गातल्या बाकीच्या पोरी तिच्याकडे बघायला लागल्या कारण तेच वाक्य सगळ्यांचं होतं. मी काही फार बोलले नाही, खरं तर काय बोलावं ते सुचलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी हेरवाडची बातमी सोप्या इंग्रजीत लिहून आणली. हेरवाड आमच्याच शिरोळ तालुक्यातलं गाव, तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं ही प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. शाहू महाराजांच्या निधनाला १०० वर्षं झाली तो हा महिना. पोरांना एवढंच माहीत होतं की टीव्हीवाले आले होते. बातमीवर नेहमीचे पाच प्रश्न केले, आणि मग गृहपाठ, आजीला विचारून या.

आज्यांची उत्तरं माझ्या व्याकरणात बसेनात. एकीची आजी म्हणाली, मला कुणी नको म्हणलं नव्हतं, मीच जात नव्हते. आता याचा कर्ता काय लिहायचा? बाय हरसेल्फ? पोरगी म्हणाली, पण मॅडम आजीला आधी कुणीतरी शिकवलं असणार की. दुसऱ्या एकीच्या आजीने तिला विचारलं, तुमच्या बाईंकडं हळदीकुंकू असतं का आणि त्या कुणाला बोलवतात. बरोबरच विचारलं. एका आजीने सरळ सांगितलं की ती वाण घ्यायला जाते, शेजारीण बोलावते, नवरा गेल्यापासून बारा वर्षं जाते आणि कुणाला काय वाटायचं ते वाटू दे. ते पोर ऐटीत वाचून दाखवत होतं. म्हणजे ज्याला मी धड्यात 'प्रथा' म्हणून एक ठोकळा ठेवला होता त्याला एका गल्लीत एक दार आणि दुसऱ्या गल्लीत दुसरं दार आहे, हे मला आठवीच्या वहीतून कळलं.

चार दिवसांनी त्या पहिल्या पोरीची आई शाळेत आली. मला वाटलं आता भांडण. बाई म्हणाल्या, "तुम्ही काय शिकवलाय ओ हिला, सगळ्यांना बोलवायचं असंल तरच जाते म्हणती, न्हाईतर तू जा." मग काय केलंत, मी विचारलं. "दोघींना बोलवलं. एक आली." आणि दुसरी? "ती म्हणली पुढल्या वर्षी बघू." एवढं सांगून त्यांनी पोरीचं इंग्रजी कसं आहे ते विचारलं, स्पेलिंग चुकतात म्हणून मी सांगितलं, त्या गेल्या.

याच्या आधी थोडेच दिवस, ३ जानेवारीला, बालिका दिन असतो, सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशीची भाषणं मी आता इंग्रजीत करवून घेत नाही. खरं म्हणजे सावित्रीबाईंनी स्वतः १८५४ साली छापलेल्या कवितांमध्ये लोकांना इंग्रजी शिका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे इंग्रजीच्या शिक्षिकेला हा दिवस आपलाच वाटतो. पण मी त्या दिवशी मुक्ता साळवेचा निबंध वाचते, मराठीतच. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली ही मुलगी, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. शाळकरी पोरीने सामाजिक प्रश्नावर लिहिलेला निबंध. आपल्याकडे आजही हाच प्रकार दहावीला विचारतात, फक्त फरक बघा. तिच्या निबंधात कर्ता आहे. पेशवाईत गुलटेकडीच्या मैदानावर काय चालायचं ते ती लिहिते, कुणाच्या राज्यात चालायचं ते नाव घेऊन लिहिते, जे आम्हाला वेद वाचू देत नाहीत ते कोण हे लिहिते, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसतं हे लिहिते. 'वी शुड' नाही. आमच्या नववीच्या पोरांनी तो निबंध ऐकून विचारलं, मॅडम हिला मार्क किती मिळाले असतील. मी म्हटलं, आपल्या बोर्डाच्या पद्धतीने तपासला तर 'विषयाला धरून नाही' म्हणून दोन कापले असते. हसले सगळे.

आता उसाचं. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या यायला लागतात, बीडकडून, पाथर्डीकडून, लातूर-धाराशिवकडून. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराने, पावसाळ्यात दिलेली उचल फेडायला सहा-सहा महिने इथे कोप्यांत राहायचं, पहाटे फडात, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि एक दिवस बसलं तर खाडा, म्हणजे पैसे कापले. पोरं सोबत. सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत गावाकडे, काही पोरं तिथे राहतात, काही इथे येतात, त्यातली काही आसपासच्या शाळेत बसतात आणि काही फडातच धाकट्याला सांभाळत बसतात. आमच्या सहावीत दर वर्षी दोन-तीन जण तरी असतात, हातात शिक्षण हमी कार्ड घेऊन, म्हणजे स्थलांतरित पोरांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते.

दिवाळीनंतरचा पहिला निबंध म्हणजे सुट्टीत काय केलं. गावातल्या पोरांचं ठरलेलं, किल्ला, फटाके, मामाचा गाव. टोळीतल्या पोराने एक ओळ लिहिली होती, आय केम हिअर. त्याला मी पुढे ओढलं नाही.

पण डिसेंबरच्या शेवटी, अमावस्येच्या दिवशी, लातूरकडचं एक पोर गप्प बसलेलं होतं आणि मधल्या सुट्टीनंतर म्हणालं, आज आमच्याकडं येळवस हाय. इथल्या पोरांना काहीच कळेना. वेळ अमावस्या तिकडचा मोठा सण, अख्खी गावं ओस पडतात आणि लोक शेतात जातात, रब्बी डोलत असते, कडब्याची कोप करून आत पाच पांडव मांडतात, भज्जी, आंबील, उंडे, खीर, ज्याला शेत नाही त्यालाही हाताला धरून जेवायला नेतात. हे सगळं त्याने उभं राहून सांगितलं आणि मी तास तिथेच वळवला. आंबील प्यायला कशी लागते, आंबट की गोड, कोपीत किती माणसं मावतात, शेत कुणाचं. पोरांना कोपी म्हटल्यावर कारखान्याच्या रस्त्याला दिसतात त्या आठवल्या, तो म्हणाला ती येगळी. 'देअर इज', 'देअर आर' हे माझ्याकडून वर्षभर कुणी शिकलं नसेल तेवढं त्या तासाला शिकले कारण ते शेत वर्गाला बघायचंच होतं. शेवटी एकाने विचारलं, मग तू का नाही गेलास? तो म्हणाला, खाडा पडतो.

मग आलं ते. बाय हूम? खाडा कोण धरतं? तो म्हणाला मुकादम. गावातला एक पोरगा म्हणाला, मुकादम कशाला धरील, कारखाना धरतो. दुसरा, त्याच्या घरची चार एकर ऊस, तो म्हणाला माझे वडील तर टोळीला खुशाली देतात वर, दिली नाही तर ऊस तोडत नाहीत, त्याचं कोण लिहिणार? हेही खरंच आहे, आमच्याकडे यावरून भांडणं होतात. उसाचा मालक आणि उसाचा तोडकरी, दोघांची पोरं एका बाकाच्या अंतरावर, आणि मी मधे खडू घेऊन. मी दोघांचीही वाक्यं फळ्यावर घेतली. माय फादर गिव्हज एक्स्ट्रा मनी टु द टोळी. मनी इज कट बाय द मुकादम. पैसा शेतकरी देतोय, पैसा तोडणाऱ्याचा कापला जातोय, मग तो जातो कुठे, असं सहावीतल्या कुणीतरी विचारलं आणि मला वाटलं की याचं उत्तर माहीत असणारी माणसं आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत पण त्यांना कुणी इंग्रजीचा निबंध लिहायला लावत नाही.

त्यानंतर आम्ही भिंतीवर एक कॅलेंडर केलं, सणांचंच, पण तारखेखाली दुसरी ओळ, हू इज वर्किंग टुडे. लक्ष्मीपूजनाला कारखान्याची रात्रपाळी, अनंत चतुर्दशीला पोलीस, भाऊबीजेला एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, पाडव्याला नर्स, ईदच्या दिवशी लूमवर कोण. येळवसही त्यात घातली. ते कॅलेंडर वाकडंतिकडं आहे, स्पेलिंगच्या चुका आहेत, तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी ते वाचलं आणि 'प्रजासत्ताक दिनाचं स्पेलिंग चुकलंय' एवढंच म्हणाले. हंगाम संपला, वार्षिक परीक्षेच्या आधीच पोरं गेली. दर वर्षीच जातात.

स्टाफरूममध्ये आमच्या एका सरांचं म्हणणं आहे की मॅडम, तुम्ही इंग्रजी शिकवा, समाज आम्ही बघतो, आम्हाला इतिहास-नागरिकशास्त्राचे तास आहेतच. चेष्टेत म्हणतात, पण त्यात तथ्य नाही असं नाही. या भानगडीत माझा पोर्शन मागे पडतो, फेब्रुवारीत जादा तास घ्यावे लागतात. पालक विचारतात हे पेपरला येणार का. नाही येणार. गाईड पाठ करणाऱ्या पोराच्या निबंधात चूक सापडत नाही आणि स्वतःचं लिहिणाऱ्याच्या प्रत्येक ओळीत तीन सापडतात, तपासणाऱ्याने मार्क कुणाला द्यावेत? मी दहावीला दोन्ही करून घेते. गाईडातलं बोर्डाला, आपलं वहीत. हे काही फार तात्त्विक नाही पण पोरांना डिप्लोमाला, आयटीआयला जायचं असतं.

गणपतीचं राहिलं. गणपतीत वर्ग अर्धाच असतो कारण उरलेला अर्धा मंडळात असतो. आमच्याकडचा विषय म्हणजे डॉल्बी. मी दहावीला वाद ठेवला होता, बाजूने आणि विरोधात. विरोधवाल्यांना मी साहित्य दिलं होतं, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहानंतर बंद, वर्षातले काही दिवस सरकारने परवानगी दिली तर बारापर्यंत. शिवाय टिळकांचं १८९३, लोक जमावेत म्हणून वगैरे. त्यांनी छान मांडलं. टापटीप.

मग मंडळातला एक पोरगा उठला, इंग्रजीत वर्षभर पस्तीसच्या आसपास घुटमळणारा. त्याने कागद वगैरे काही आणला नव्हता. म्हणाला, इन मॅरेज डॉल्बी ओके. इलेक्शन विन, डॉल्बी ओके. लीडर बर्थडे, डॉल्बी ओके. ओन्ली अवर गणपती, पोलीस कम. व्हाय? कुणाला उत्तर देता येईना, मलाही. नियम सगळ्यांना आहे असं मी म्हटलं तर तो म्हणाला, नियम इज ब्रोकन बाय बिग पीपल, केस इज फाइल्ड ऑन मंडळ बॉइज. दोन्ही वाक्यं कर्मणी, पहिल्यात कर्त्यासकट. मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी दिले. विरोधवाली एक पोरगी चिडून म्हणाली, बट हू पेज फॉर डॉल्बी? युअर मंडळ!

तो वळला तो माझ्याकडेच. "डॉल्बी इज पेड बाय मॅडम."

वर्ग खाली बसेपर्यंत हसला. मी म्हटलं पुरावा? त्याच्याकडे वर्गणीचं पावतीपुस्तक होतं, दप्तरातच, शाळेत आणायला बंदी असताना. माझ्या नवऱ्याच्या नावची पावती, पाचशे एक रुपये. "हाऊ मच?" मागून कुणीतरी ओरडलं, डब्ल्यूएच क्वेश्चन, व्याकरणात अगदी बरोबर.

यंदा वर्गणीला आले तेव्हा नवऱ्याने दारातच विचारलं, डॉल्बी लावणार काय रे? पोरं म्हणाली बघू की काका, अजून ठरलं नाही, आणि या वर्षी एक हजार एकची पावती फाडा.